फाइल बदलली, नुक्ता गेला



बुधवार पेठेतला अप्पा बळवंत चौक आपल्यापैकी बहुतेकांना जून महिन्यात आठवतो. वह्या, गाइडे, जुनी पाठ्यपुस्तके, हातात यादी घेतलेले आईबाप. पण या चौकाच्या आसपासच्या इमारतींत जिना चढून वर गेले की आणखी एक व्यवसाय पूर्वी जोरात चालत असे. दारावर 'डी.टी.पी.' अशी तीन अक्षरांची पाटी, आत दोन संगणक, एक लेझर प्रिंटर आणि प्रुफांचे गठ्ठे. १९९० नंतरची वीसएक वर्षे मराठी पुस्तके, शाळांच्या स्मरणिका, ट्रस्टचे अहवाल आणि लग्नपत्रिका अशाच खोल्यांत जुळवल्या गेल्या. आपल्या समाजातल्या छोट्या प्रकाशनांचे बरेचसे कामही तिथेच झाले. काम संपले की चालक एक सीडी हातात देई. ती आपण कपाटात ठेवली आणि विसरलो.

आता ती सीडी बाहेर निघते आहे. कुणाला वडिलांच्या आठवणी पुन्हा छापायच्या आहेत, कुणाला शाळेच्या जुन्या स्मरणिकेतला लेख नातवाला मोबाइलवर पाठवायचा आहे. फाइल उघडते आणि समोर येतात इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, डॉलरची खूण. घरचे लोक समजतात की फाइल खराब झाली. ती खराब झालेली नसते. ती जुन्या रीतीने लिहिलेली असते आणि नव्या संगणकाला ती रीत येत नाही.

ही रीत समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. संगणक इंग्रजी अक्षरच साठवत असे, फॉन्ट त्याच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. हिंदीकडे फार चाललेला कृतिदेव फॉन्ट घ्या. त्यात 'भारत' हा शब्द साठतो तो मोठा एच, के, के, जे, आर असा. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे भ पूर्ण करणारा दंड, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. मुखवटा काढला की उरते ती निरर्थक इंग्रजी. शिवाय अशा फॉन्टमध्ये जागा दोनशेच्या आसपासच. देवनागरीची सगळी जोडाक्षरे त्यात मावणार कशी? म्हणून अक्षरांचे तुकडे केले: अर्धा ग, दंड, वेगवेगळ्या उंचीच्या वेलांट्या, दोन-तीन प्रकारचे रफार. आणि प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या पद्धतीने मांडले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती, प्रत्येकाचा नकाशा निराळा.

यात गंमत अशी की शिस्तीचा मार्गही याच शहरातून जात होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले; सी-डॅकची स्थापना १९८८ची. १९९१ साली इस्की नावाचे भारतीय मानक ठरले. त्यात अक्षर कसे दिसते याला महत्त्व नव्हते, अक्षर कसे उच्चारले जाते त्या क्रमाने ते साठवायचे होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच उचलली. विंडोज २००० पासून साध्या घरगुती संगणकावर मंगल फॉन्टसह युनिकोड मराठी आली. २००९ साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवले. आज मोबाइलवर आपण जी मराठी किंवा उर्दू लिहितो ती युनिकोडच. पण छपाईचे जग मुखवट्याच्या फॉन्टवर कितीतरी वर्षे रेंगाळले. आम्ही त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. ते फॉन्ट सुबक होते, आणि ते नसते तर त्या काळातली निम्मी पुस्तके छापलीच गेली नसती.

तर जुने ते नव्यात आणायचे कसे? पुन्हा टाइप करणे हा एक मार्ग. दुसरा कन्व्हर्टरचा. हा छोटा प्रोग्रॅम असतो, फुकटही मिळतो. त्याच्या पोटात एक कोष्टक असते: डावीकडे जुना तुकडा, उजवीकडे नवे अक्षर. नुसती अदलाबदल करून मात्र भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. 'किताब' हा शब्द जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी, मग क असा साठतो, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. (मुलांनी वेलांटी आधी काढावी की क, यावर आमच्या शिक्षकखोलीत दोन तट आहेत आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत.) युनिकोडला बोलण्याचा क्रम हवा: आधी क, मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. 'दर्गा' लिहिताना रफार ग च्या डोक्यावर बसतो, म्हणून जुन्यात तो ग नंतर येतो. बोलताना र आधी, म्हणून कन्व्हर्टरने त्याला उचलून ग च्या आधी न्यायचे. साधा कन्व्हर्टर त्याला एकच घर मागे नेतो. मग 'दर्गा' बरोबर येतो, पण 'दर्ग्यात' या शब्दाचे 'दग्र्यात' होते.

असे 'दग्र्यात' दिसले की वाईट वाटून घेऊ नये. ती बोंब मारणारी चूक आहे. वाचणारा अडखळतो, तपासणीचा प्रोग्रॅम खाली लाल रेघ ओढतो, चूक पकडली जाते. फाइलमध्ये मधेच इंग्रजी शब्द असेल तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून त्याचा चुरा करतो, तीही बोंबच. धोका आहे तो गप्प बसणाऱ्या चुकांचा.

आमच्या ओळखीच्या एका घरातले उदाहरण सांगतो. त्या घरातले बुजुर्ग उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या दखनीतले आणि उर्दूतले शब्द गोळा केले. शब्द देवनागरीत, समोर मराठी अर्थ, आणि शेवटी एक भाग उर्दू लिपीत. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांना दादी-नानीची बोली कळावी एवढाच हेतू. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका खोलीत ते दर शनिवारी जाऊन बसत आणि चालकाकडून जुळवून घेत. एकशे चाळीस पाने झाली. पुस्तक निघण्याआधीच त्यांचा इंतकाल झाला. हस्तलिखित वह्या कुणी वाचायला नेल्या त्या परत आल्या नाहीत. उरली ती सीडी आणि चालकाने काढून दिलेल्या प्रुफांतली साठएक पाने.

यंदा त्यांच्या नातीने मनावर घेतले. शेजारच्या मुलाने कन्व्हर्टर चालवला. एकशे चाळीस पाने एका मिनिटाच्या आत बदलली. घरात खुशी झाली. बदललेल्या मजकुरात जागोजागी एक चमत्कारिक खूण मात्र शिल्लक होती, प्रत्येक पानावर पाच-दहा वेळा. मुलगा हुशार, त्याने 'शोधा आणि बदला' वापरून ती खूण एका फटक्यात सगळीकडून काढून टाकली. मजकूर स्वच्छ दिसू लागला.

मग नात रोज मगरिबनंतर दादीला दोन पाने वाचून दाखवू लागली. दादींना संगणक येत नाही, चष्म्यानेही आता बारीक दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. 'ज' अक्षराच्या पानावर नातीने वाचले: "जलील, म्हणजे अपमानित." दादी थांबल्या. म्हणाल्या, "ये उनो नै लिखे, बेटा."

आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जलील म्हणजे थोर, प्रतिष्ठित. आपल्यात हे मुलाचे नाव ठेवतात. अपमानित तो ज़लील. उर्दूत दोघांची पहिली अक्षरेच वेगळी, जीम आणि ज़ाल. देवनागरीत दोघांत फरक फक्त खालच्या एका टिंबाचा, म्हणजे नुक्त्याचा. त्या मरहूम शिक्षकांनी प्रत्येक नुक्ता हट्टाने घालून घेतला होता. मराठीला नुक्ता लागत नाही, म्हणून त्या कन्व्हर्टरच्या कोष्टकात नुक्त्याची ओळच नव्हती. त्याने बिचाऱ्याने ती जागा ओळखता आली नाही म्हणून जशीच्या तशी सोडली, आणि ती चमत्कारिक खूण म्हणजे नुक्ता होता. कन्व्हर्टरने बोंब मारली होती. माणसाने ती गप्प केली. सज़ा गेली आणि सजा आली, राज़ गेले आणि राज आले. नंतरचे सगळे शब्द मराठीत शुद्धच आहेत, त्यांच्याखाली लाल रेघ कोण ओढणार?

दुसरी गप्प चूक त्याच फाइलमध्ये निघाली, ती मराठीच्या बाजूची. 'वादी' या शब्दासमोर अर्थ लिहिलेला होता, डोंगरांमधल्या दऱ्या. बदललेल्या फाइलमध्ये तो 'डोंगरांमधल्या दर्या' असा झाला. म्हणजे डोंगरात समुद्र! आपल्या मराठीत 'ऱ्य' आणि 'र्य' ही दोन वेगळी रूपे आहेत. हिंदीत पहिले रूप नाही. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला कन्व्हर्टर दोन्हींचा एकच रफार करून टाकतो. 'वार्यावर' किंवा 'तर्हा' असे दिसले तर मराठी वाचकाला खटकते, पण 'दर्या' हा स्वतःच खरा शब्द आहे, त्यामुळे तो निसटतो. (त्यातही पाहा, मराठीत दर्या म्हणजे समुद्र आणि उर्दूत दरिया म्हणजे नदी. कोश करणाऱ्याला डोकेदुखी काय कमी असते.)

आमची एक माजी विद्यार्थिनी संगणकशास्त्र शिकते. तिच्यापुढे आम्ही हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, हे तर आमच्याकडे रोजचे आहे. संगणकाला कामे सांगण्यासाठी आज्ञांच्या छोट्या छोट्या याद्या लिहून ठेवतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. फाइलींची नावे बदल, निकालाची बेरीज कर, रात्री नक्कल काढून ठेव, अशी कामे. पायथन नावाच्या भाषेत अशा असंख्य स्क्रिप्ट लिहिल्या गेल्या. २००८ साली तिची तिसरी पिढी आली आणि व्याकरणच बदलले. दुसऱ्या पिढीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. जुन्या स्क्रिप्ट नव्या व्याकरणात आणण्यासाठी 'टू-टू-थ्री' नावाचा कन्व्हर्टर भाषेबरोबरच मिळत असे. पडद्यावर मजकूर दाखवण्याच्या आज्ञेला, म्हणजे 'प्रिंट'ला, नव्या व्याकरणात कंस लागतात. ते कंस हा कन्व्हर्टर बिनचूक घाली. घालायचा राहिला तरी हरकत नव्हती, कारण कंस नसला की नवा पायथन त्या ओळीवर अडतो आणि ओरडतो.

पण भागाकाराचे तसे नव्हते. जुन्या पायथनमध्ये ४५ भागिले २ म्हटले की उत्तर २२. उरलेला अर्धा तो टाकून देई. नव्यात उत्तर २२.५. खूण तीच, ओळ तीच, व्याकरण शुद्ध. लिहिणाऱ्याला पूर्ण संख्या हवी होती की अपूर्णांक, हे कन्व्हर्टरला कळणार कसे? त्याने भागाकाराला हातच लावला नाही. परीक्षेच्या बैठकव्यवस्थेची स्क्रिप्ट असेल तर साडेबावीस बाकांचा हिशेब निघेल आणि कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. आता तर तो कन्व्हर्टरही उरला नाही, २०२४ साली आलेल्या पायथन ३.१३ मधून तो काढून टाकला आहे. ज्यांनी बदल लांबणीवर टाकला त्यांना आता जुने अवजार वेगळे शोधावे लागते. सीडीचे तसेच होणार आहे.

त्या घराकडे परत येऊ. नातीने एक शहाणपण आधीच केले होते: सीडीवरच्या फाइलींना हात न लावता त्यांची नक्कल काढून तिच्यावरच सगळे प्रयोग केले. म्हणून मूळ नुक्ते सीडीवर शाबूत होते. कन्व्हर्टरच्या कोष्टकात नुक्त्याची एक ओळ आणि अर्ध्या 'ऱ' ची एक ओळ वाढवली, फाइल पुन्हा बदलली. तरीही काम संपले नाही. देवनागरीतला 'ज़' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा ज आणि त्याखाली वेगळे टिंब म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे, पण शोधायला गेले की काही प्रोग्रॅमना एक सापडतो तर दुसरा सापडत नाही. सगळीकडे एकच तऱ्हा ठेवायची असे ठरवावे लागले.

उर्दू भागाची कथा निराळी. उर्दूच्या छपाईत १९८१ साली मोठी क्रांती झाली. पाकिस्तानात अहमद मिर्ज़ा जमील यांनी नस्तालीकचे हजारो जोडतुकडे हाताने रेखाटले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर नूरी नस्तालीक उभी राहिली. तोवर उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. १९९४ साली दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज काढले आणि तीच नस्तालीक साध्या संगणकावर आली. आपल्याकडची उर्दू छपाई मग त्यावरच चालली. इनपेजच्या जुन्या फाइलींची साठवण्याची पद्धत तिची स्वतःची होती, त्यामुळे त्यांनाही कन्व्हर्टर लागतो. इथली गप्प चूक अरबी आणि उर्दूच्या फरकात लपते. युनिकोडमध्ये अरबीचा काफ वेगळा आणि उर्दूचा काफ वेगळा, अरबीची ये वेगळी आणि उर्दूची छोटी ये वेगळी. 'करीम' हा शब्द दोन्ही प्रकारांनी लिहिला तर काफ सुरुवातीला आणि ये मधे असल्यामुळे छापून आल्यावर फरक क्वचितच कळतो. पण फाइलमध्ये 'करीम' शोधा, संगणक सांगेल की असा शब्दच नाही. पुस्तक छापायचे असेल तर हे चालून जाईल. मशिदीच्या सभासदांची यादी असेल, शाळेचे दाखला-रजिस्टर असेल, निकाहच्या नोंदी असतील, तर माणूस यादीत असून नसल्यासारखा होतो. नावाच्या एका अक्षरासाठी आपल्या लोकांना किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात हे शाळेत दाखले देणाऱ्या आम्हाला चांगले माहीत आहे.

म्हणून ज्यांच्या घरी अशा सीड्या आहेत त्यांना आमचे सांगणे एवढेच. पहिल्यांदा नक्कल, मूळ फाइलीला कुणी हात लावू नये, कितीही हुशार असला तरी. ज्या संगणकावर जुना फॉन्ट अजून आहे तिथे सगळी पाने कागदावर किंवा पीडीएफमध्ये काढून घ्या, कारण तपासणार कशाशी? नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते. बाहेरून जोडायच्या ड्राइव्हची चौकशी बुधवार पेठेतल्याच तपकीर गल्लीत करता येईल. काही जुन्या पॅकेजांना प्रिंटरच्या जागी लावायचे छोटे कुलूप लागे, ते हरवले असेल तर ज्या चालकाने काम केले त्याला गाठा. ती माणसेही आता साठीच्या पुढे आहेत, त्यांना कुठल्या फॉन्टचा कुठला नकाशा हे तोंडपाठ असते, आणि हे ज्ञान कुठे लिहून ठेवलेले नाही.

आधी एकच पान बदलून पाहा, तेही असे की ज्यात नावे आहेत, आकडे आहेत, एखादा इंग्रजी शब्द आहे. न कळणारी खूण दिसली तर ती पुसू नका, जुन्या छापील पानावर त्या जागी काय आहे ते पाहा. 'सगळीकडे बदला' हे बटण शेवटी, आणि तेव्हाही एक एक जागा पाहूनच. तपासायला दोघे बसावेत: एकाने जुन्या कागदावरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पुढे सरकावे. एकटा माणूस स्वतःच्या मनातला शब्द वाचतो, समोरचा वाचत नाही. वह्या तपासताना हा अनुभव आम्ही वर्षानुवर्षे घेतो.

त्या घरात अजून हे चालू आहे. साठ पानांची प्रुफे होती ती जुळवून झाली. उरलेल्या ऐंशी पानांना कागदाचा आधार नाही, तिथे दादींचा कान हेच प्रूफ. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. नात दोन पानांऐवजी आता चार पाने वाचते. परवा 'ग' च्या पानावर दादींनी पुन्हा थांबवले, पण या वेळी नुक्ता जागेवर होता. त्यांचे म्हणणे होते की अर्थच चुकला आहे आणि हे त्यांनी पतीला तेव्हाही सांगितले होते. नातीने तो शब्द तसाच ठेवून खाली तळटीप घातली आहे: 'दादींचे मत वेगळे.'